काखेत धरणारा कुर्ता: चौदा भजनकरांच्या पेहरावाचं एक प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका वाडीच्या भजन मंडळानं २०२५ च्या गणपतीसाठी चौदा एकसारखे कुर्ते शिवून घेतले. पेटीवर बुवा, एक पखवाज, एक चकी, दोन झांजवाले, चार टाळकरी आणि बाकीचे कोरसला. गणपती बसले २७ ऑगस्टला. रोज रात्री चार-पाच घरं, प्रत्येक घरी मांडी घालून तास-दीड तास भजन. तिसऱ्या रात्रीपर्यंत सहा कुर्ते काखेत गेले. चार जणांचे बाजूचे कट वरच्या टोकापासून चिरत चालले होते. पाचव्या दिवशी कुर्ते पहिल्यांदा धुतले, तेव्हा ते अडीच इंचांनी आखूड झाले आणि कॉलरच्या मरून गोटाचा (काठाला लावलेल्या पट्टीचा) रंग पांढऱ्यावर उतरला. अनंत चतुर्दशी होती ६ सप्टेंबरला. त्यानंतर पेटीत घडी करून ठेवलेल्या कुर्त्यांवर महिन्याभरात काळे ठिपके आले.

मंडळाचा राग कापडावर होता. दुकानदारानं हलकं कापड गळ्यात मारलं, असं सगळ्यांचं मत. शिंप्याचं म्हणणं, माप बरोबर आहे, छातीला सहा इंच सैल ठेवलंय, याहून किती ठेवायचं? कुर्ते उलटे करून एकेक शिवण पाहिल्यावर दिसलं की कापड बरं होतं आणि मापही बरोबर होतं. चुकला होता तो कट, म्हणजे बाजूची चीर नव्हे, तर कापड बेतण्याची पद्धत.

शिवलं काय होतं

कुर्ता हे नाव मराठीत हिंदीतून आलं आणि हिंदीत फारसीतून. कुडता, कुडतं ही रूपं मराठीत जुनी आहेत. देशावर झब्बा म्हणतात, मागच्या पिढीच्या तोंडी नेहरू शर्ट आहे आणि मालवणीत म्हातारी माणसं सरसकट सदरो म्हणतात. ही सगळी नावं एकाच वस्तूची म्हणून वापरली जातात, त्यामुळे शिंप्याकडे कुर्ता सांगितला की तो शर्टाचाच कागद काढतो, लांबी दहा-बारा इंच वाढवतो, पुढची पट्टी अर्ध्यावर थांबवतो आणि बाजूला कट ठेवतो. इथे हेच झालं होतं. चाळीस छातीच्या माणसाचं माप असं: लांबी ४२, तयार छाती ४६, खाली घेर ४९, बाही २४, मुंढा (खांद्यापासून काखेपर्यंत बाहीच्या भोकाची खोली) ११, बाजूचा कट ७ इंच. कापड ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं), माणशी दोन मीटर.

जुन्या पद्धतीच्या कळीदार कुर्त्यात शर्टासारखी गोलाई कुठेच नसते. अंगाचा तुकडा खांद्यावर दुमडलेला, पुढून मागे सरळ एक, म्हणून खांद्याला शिवण नाही. बाही सरळ आयत. अंगाच्या दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या. बाही आणि कळी जिथे भेटतात तिथे काखेत एक चौकोनी तुकडा. हिंदी मुलखात त्याला चौबगला म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक शिंप्यांना हा तुकडा माहीत असतो. कुणी मागत नाही म्हणून घालत नाहीत, एवढंच. पण कुर्त्याचा सगळा जीव त्या तुकड्यात आहे.

कुणाचे फाटले, कुणाचे नाही

सहा कुर्ते कुणाचे, हे लिहून काढल्यावर निम्मं निदान झालं. दोन्ही झांजवाले. पखवाजवाला. चारांपैकी दोन टाळकरी, तेही गजर चढला की हात डोक्यापर्यंत नेणारे. सहावे बुवा, पण त्यांची फक्त डावी काख गेली होती. पेटीचा भाता त्यांच्या डाव्या हाताला असतो आणि तो हात तासभर पुढे-मागे चालतो. उजवी काख शाबूत होती. कोरसवाल्यांपैकी एकाचाही कुर्ता काखेत गेला नव्हता. कापड हलकं असतं तर ते माणूस बघून फाटलं नसतं.

दुसरी गोष्ट पाहायची ती दोरा तुटलाय की कापड फाटलंय. शिवण उघडी पडली आणि दोन्ही काठ धड असले, तर दोष शिलाईचा: टाका मोठा, दोरा ओढून घातलेला किंवा हलका. शिवण जागेवर आणि तिच्या शेजारी कापड फाटलं असेल, तर तिथे ओढ जास्त आहे, म्हणजे दोष बेतण्याचा. इथे सहांपैकी दोन ठिकाणी दोरा तुटला होता. त्या शिवणीत इंचाला सातच टाके होते, हवेत दहा ते बारा. उरलेल्या चारही कुर्त्यांत कापड शिवणीच्या शेजारीच, पाठीच्या बाजूला फाटलं होतं. याचा अर्थ असा की बारीक टाका घातला असता तर ते दोनही कुर्ते कापडातच फाटले असते.

मुंढा खोल केल्यानं काय होतं

सैल हवं म्हटल्यावर शिंपी मुंढा खाली नेतो. चाळीस छातीला साडेआठ-नऊ इंच पुरतात, इथे अकरा ठेवला होता. हात खाली असताना असा कुर्ता छान मोकळा वाटतो. पण त्यामुळे बाहीची आणि बाजूची शिवण जिथे भेटते, तो बिंदू खऱ्या काखेच्या दोन-अडीच इंच खाली जातो. हात वर केला की मनगटापासून कमरेपर्यंतचं बाजूचं अंतर वाढतं. बिंदू जितका खाली, तितकं हे अंतर भरायला कापड कमी पडतं. मग वर येतो तो सगळा कुर्ता. एका झांजवाल्यानं नेमकं सांगितलं होतं: "हात वर केलो की सगळो सदरो वर येता."

उभ्या माणसाचा कुर्ता वर येऊ शकतो, कारण खालचा काठ मोकळा असतो. शिंप्यानं माप उभं राहूनच घातलं होतं, दोन्ही हात खाली, आणि सगळं ठीक दिसलं. भजनाला माणूस मांडी घालून बसतो. घेर फक्त ४९ इंच, त्यामुळे पुढचा-मागचा पदर मांडीखाली आणि बुडाखाली दबतो. आता खालचा काठ अडकला आणि वरून हात ओढतोय. ओढीला सुटायला जागा उरते ती काखेची शिवण आणि बाजूच्या कटाचं वरचं टोक. कुर्ते फाटले ते नेमके या दोनच जागी.

घामाचा भागही यात आहे, पण लोक समजतात तसा नाही. ओलं झाल्यानं सुती कापड कमकुवत होत नाही, उलट सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो. घामानं एवढंच होतं की कापड पाठीला चिकटतं आणि सरकत नाही. कोरडा कुर्ता हाताबरोबर पाठीवरून सरकून थोडी ओढ वाटून घेतो. ऑगस्टच्या रात्री, माणसांनी भरलेल्या माजघरात, समईच्या आणि दिव्यांच्या उष्म्यात ते सरकणं बंद होतं.

काखेतला चौकोन इथे काय करतो ते मापात पाहावं. चार इंचांचा चौकोन कापला आणि चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला, तर तयार बाजू तीन इंच. त्याचा कर्ण सव्वाचार इंच. चौकोन कर्णावर बसतो, म्हणजे एक टोक बाहीत, समोरचं टोक बाजूच्या शिवणीत. हात खाली असताना तो दुमडून काखेत लपतो, वर केला की उघडतो आणि कमी पडणारं अंतर भरून काढतो. शिवाय कर्णाच्या दिशेनं कापड तिरकस ओढलं जातं, आणि तिरकस कापड थोडं ताणतं. छातीत दहा इंच सैल ठेवूनही ही सोय मिळत नाही, कारण घेर आडवा वाढतो आणि हात वर करायला कापड उभं लागतं.

गौरी यायच्या आदल्या दिवशीची दुरुस्ती

३१ ऑगस्टला गौरी येणार होत्या, त्यामुळे ३० तारखेचा एकच दिवस हाती होता. शिंप्यानं कतरण टाकून दिली नव्हती, हे नशीब. मुंढा मुळातच खोल असल्यानं चारऐवजी पाच इंचांचे चौकोन कापले (तयार बाजू चार, कर्ण साडेपाचच्या थोडा वर). सहा कुर्त्यांना बारा तुकडे. बुवांच्या शाबूत काखेतही घातला, कारण एकाच काखेत तुकडा असला तर कुर्ता एका खांद्यावर चढतो.

रीत अशी. बाहीची खालची शिवण मुंढ्यापासून चार इंच आणि बाजूची शिवण मुंढ्यापासून खाली चार इंच उसवायची. मुंढ्याची गोल शिवण उसवायची नाही. आता काखेत आठ इंचांची एक चीर मिळते आणि मधोमध मुंढ्याची शिवण आडवी येते. जिथे कापड फाटलंय तिथे आतून आधी पातळ पट्टी लावून घ्यायची, नाहीतर नवी टीप फाटक्या काठावर बसते. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर अर्ध्या इंचावर पेन्सिलीनं खूण करायची. एक कोपरा बाहीच्या उसवणीच्या टोकाला, समोरचा बाजूच्या उसवणीच्या टोकाला आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर. चार बाजू चार वेगळ्या टिपांत शिवायच्या, प्रत्येक टीप खुणेवर सुरू आणि खुणेवर बंद. कोपरा एका दमात वळवून पुढे गेलं की तिथे हमखास चुणी पडते, आणि ती चुणी दहा मिनिटांत काख सोलते. मग काठ आत दुमडून दुसरी टीप. फक्त इंटरलॉक करून सोडलेला काठ काखेत टोचतो.

एका कुर्त्याच्या दोन काखांना पाऊण तास लागला. बाजूच्या कटांसाठी वेगळं काम: कट सातचा अकरा इंच केला, वरच्या टोकाला आतून दीड इंचाचा तिकोनी तुकडा लावला आणि टोकावर आडवी टीप तीनदा मागे-पुढे मारली. कट कुल्ह्याच्या हाडाच्या जवळपास पोचला की बसताना पदर दोन्ही बाजूंना मोकळा पसरतो आणि मांडीखाली अडकत नाही. रात्री त्याच सहा जणांनी तेच कुर्ते घालून भजन केलं. पुढच्या सात रात्रींत एक शिवण गेली, पखवाजवाल्याची उजवी, आणि तीही चौकोनाचा कोपरा वळवून शिवल्यामुळे.

आटणं, कॉलर, रंग

कापड घेतलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. बेत असा होता की भिजवून, वाळवून मग शिवायला द्यायचं. पण त्या वर्षी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, मिरगाच्या पुष्कळ आधी. वाळवायला ऊन नाही म्हणून भिजवणं राहून गेलं आणि कापड कोरंच शिवलं गेलं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीकडे पाच-सहा टक्के सहज आटतं, रुंदीला कमी. ४२ चे साडेएकोणचाळीस झाले, म्हणजे सहा टक्के. बाही दीड इंचानं गेली.

ऊन नसलं तरी भिजवता येतं. कापड घडी मोडून साध्या पाण्यात रात्रभर ठेवावं, पिळू नये, पाणी निथळू द्यावं, पडवीत बांबूवर पसरून पंखा लावावा. दोन दिवस लागतात. किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवावी. किती आटेल हे आधी कळायला हवं असेल तर एका तुकड्यावर न जाणाऱ्या पेनानं २० इंचांचा चौकोन आखावा, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. एक इंच कमी झाला तर पाच टक्के. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर लांबीत इंचभर वाढवून भागतं.

कॉलरचं बुकरम (आत घालायचं कडक अस्तर) कापडाबरोबरच भिजवायला हवं होतं. ते न भिजवता चिकटवलं, कापड आटलं, बुकरम आटलं नाही, आणि कॉलरवर फुगे आले. त्याला उपाय नाही, कॉलर नवीच करावी लागते.

मरून गोटाचा रंग उतरला, तेव्हा घराघरांतून मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला आला. रंगवलेल्या तयार कापडाचा कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. पांढऱ्यावर गडद गोट लावायचा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं गोट जोरात वीसेकदा घासून पाहावा. फडक्यावर रंग दिसला तर तो गोट वापरू नये. रंग लागलेले कुर्ते वाळू न देता लगेच थंड पाण्यात चार-पाच वेळा खळबळले असते तर डाग बराच गेला असता. इस्त्री फिरल्यावर तो बसला.

काळे ठिपके

ही बुरशी. शेवटच्या दिवशी कुर्ते धुतले, कडक दिसावेत म्हणून तांदळाची खळ दिली, वाळले असं वाटल्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवले. सप्टेंबरात कोकणातली हवा इतकी दमट असते की हाताला कोरडं लागणारं कापडही आतून ओलं असतं, विशेषतः जिथे तीन-चार थर आहेत: कॉलर, पुढची पट्टी, खिशाचा काठ. ठिपके तिथेच आले. खळ म्हणजे बुरशीला वाढलेलं जेवण. शिवाय मंडळाचे बिल्ले सेफ्टी पिनांनी लावलेले तसेच राहिले होते, तिथे गंजाचे तांबडे डाग पडले.

पांढऱ्यावर ताजी बुरशी असेल तर आधी बाहेर नेऊन कोरडी झटकावी, मग गरम पाण्यात साबणानं धुवावं, उरलेल्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवावं. ब्लीचिंग पावडरनं डाग जातो, पण पुन्हा पुन्हा वापरलं तर धागा मरतो, आणि काख तर आधीच ओढ सोसतेय. गंजावर ब्लीच अजिबात नको, डाग आणखी गडद होतो. तिथे लिंबू आणि मीठ लावून ऊन द्यावं. पावसाळ्यात खळ देऊच नये. ठेवणीच्या कपड्यांना तर कधीच नाही. पेटीत ठेवायच्या आधी कॉलर आणि पट्टीवर कोरडी गरम इस्त्री दोनदा, मग तासभर पंख्याखाली उघडं, मग घडी.

पुढच्या खेपेचा कट

मंडळानं त्यानंतर दोन कुर्ते नमुन्याला कळीदार शिवून घेतले, एक झांजवाल्याला आणि एक पखवाजवाल्याला. सुती कापड ३६ पन्ह्याचं. चाळीस छातीला कापायचा हिशेब असा बसला, सगळी मापं इंचात आणि शिवणीसह:

अंगाचा तुकडा १८ रुंद, ८३ लांब, खांद्यावर दुमडून. शेजारी उरलेल्या १८ इंचांच्या पट्ट्यातून १२ रुंद आणि ३३ लांब असे दोन आयत. प्रत्येक आयत तिरका कापायचा, वर ४ आणि खाली ८, म्हणजे एकातून दोन कळ्या, एकूण चार. बाह्या १८ रुंद, २४ लांब, पन्ह्यात शेजारी-शेजारी दोन. कळ्यांच्या बाजूला राहिलेल्या पट्टीतून काखेचे चार-चार इंचांचे दोन चौकोन, गळ्याची आणि पुढची पट्टी, खिसे. एकूण लांबी १०७ इंच, म्हणजे जवळपास तीन वार. आटण्यासाठी धरून तीन मीटर घ्यावं.

तयार छाती पुन्हा ४६ च येते, फाटलेल्या कुर्त्याइतकीच. खालचा घेर मात्र ६२. कळीचं वरचं टोक शिवणी वजा जाता तीन इंच, चौकोनाची बाजूही तीन, म्हणून दोन्ही न ओढता जुळतात. कळी जोडताना तिरकी कड खाली आणि सरळ कड वर धरून शिवावी. उलट केलं तर मशीनचा दाबाचा पाय वरची तिरकी कड ताणत नेतो आणि कळी लांब होऊन लोंबते.

माणशी दोनऐवजी तीन मीटर म्हणजे चौदा मीटर कापड जास्त, असा आक्षेप बैठकीत आला. पन्हा धरून गुणलं तर ५८ गुणिले दोन होतात ११६ आणि ३६ गुणिले तीन होतात १०८. क्षेत्रफळानं कळीदार कुर्त्यालाच कमी कापड लागतं, कारण गोलाईच नसल्यामुळे कतरण जवळपास उरत नाही. मजुरी मात्र जास्त पडते, आणि ती द्यावी. चार कळ्या आणि दोन चौकोन म्हणजे शिंप्याचे दीड-दोन तास जादा आहेत.

नमुन्याचं माप घेताना दोघांनाही जमिनीवर मांडी घालून बसवलं, हातात झांज आणि मांडीवर पखवाज दिला आणि एक पूर्ण गजर वाजवायला लावला. झांजवाल्याचा कुर्ता एकदाही वर आला नाही. पखवाजवाल्याची डावी बाही मनगटाशी अडखळत होती, हात धुमेवर (पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडावर) उतरताना काठ पुडीला लागत होता. त्याची बाही दोन इंच आखूड करून काठ पाऊण इंचानं रुंद ठेवायचा ठरलं, आणि ते माप फक्त त्याच्या एकट्याच्या कागदावर लिहिलं.